एका घरातले दोन माणिक

सुलतानपुरात शिरून कुणालाही विचारा, "माणिकचं घर कोणतं?" तो घर दाखवायच्या आधी तुम्हालाच विचारेल, "बाईचं की भाऊचं?" खरं तर दोघं नवराबायको, घर एकच. भाऊ जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण गावाच्या तोंडात तो प्रश्न बसला तो बसलाच.

माणिकबाई मूळच्या दुसरबीडच्या. वडील पंजाबराव, आई मंजुळाबाई, घरची कोरडवाहू शेती. त्या काळी आमच्या भागात रत्नांची नावं घरोघरी असत. हिराबाई, रत्नमाला, पोवळाबाई, नीलम, मोतीराम, पन्नालाल. पण ही नावं आपापल्या जागी पक्की होती. हिराबाई म्हटलं की लुगडं नेसलेली बाईच डोळ्यांपुढे येणार, मोतीराम म्हटलं की मिशीवाला बाप्या. माणिकचं तसं नाही. ते पोराचंही असतं नि पोरीचंही. शाळेत पहिल्याच दिवशी मास्तरांनी हजेरी घेताना "माणिक पंजाबराव" म्हणून हाक मारली आणि पोरांच्या रांगेकडे बघत राहिले. मागून पोरींतून "हजर" आलं तेव्हा सगळा वर्ग हसला. मास्तर चांगले होते. ते म्हणाले, "हसू नका रे. माणिक म्हणजे लाल रत्न. सूर्याचं रत्न आहे ते. नवरत्नांत त्याचा मान पहिला."

पोरगी खुशीत घरी आली आणि आत्याला म्हणाली, "आत्या, माह्यं नाव सूर्याच्या रत्नाचं हाय."

आत्या भाकरी थापत होती. "कायचं रत्न वं? तुह्या काकाचं नाव हाय ते. माह्या धाकल्या भावाचं. तो तरणाताठा गेला, आन् तुह्या बापानं तवाच ठरोलं, आता घरात जे लेकरू होईन त्याले माणिकच म्हनाचं. पोरगी झाली तं झाली."

म्हणजे आपण रत्न नव्हे, मेलेला काका. पोरगी रडवेली होऊन आईकडे गेली. मंजुळाबाईंनी तिसरंच सांगितलं. त्यांच्या नथीतला लाल खडा कापूस वेचताना रानात पडला होता. तो हुडकता हुडकता पोटात कळा सुरू झाल्या. "खडा नाई सापडला, तू सापडली. म्हून माणिक." पुढे आई कधी नथीऐवजी कानातला खडा म्हणत, कधी कापसाऐवजी ज्वारीचं रान. पंजाबरावांना विचारलं की ते म्हणत, "तुही माय म्हनते तसं." आपलं नाव नेमकं कशावरून आलं हे माणिकबाईंना तेव्हा कळलं नाही. सांगणारं कुणी खोटं बोलतंय असंही त्यांना कधी वाटलं नाही. सगळंच खरं वाटायचं, आणि तीच तर अडचण होती.

लग्नाच्या वयाला आल्या तेव्हा मामांनी सुलतानपूरचं स्थळ आणलं. चार एकर रान, मुलगा सुलतानपूर-मेहकर रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवतो, निर्व्यसनी, हसतमुख, आई विधवा, एक धाकटा भाऊ. सगळं ऐकून झाल्यावर पंजाबरावांनी नाव विचारलं.

"माणिक," मामा म्हणाले.

"पोरीचं नाई इचारलं, पोराचं इचारलं."

"पोराचंच सांगून राह्यलो दाजी."

बैठकीत चुलत्यांपैकी एकजण म्हणाला, हे बरं नाही, एका घरात एका नावाची दोन माणसं नसावीत. दुसऱ्याने विचारलं, काऊन नसावी? पहिल्याला कारण सांगता येईना. शेवटी तोडगा असा निघाला, की लग्नात नवरीचं नाव नाहीतरी बदलतातच, इथेही बदलेल. सासूबाई गीताबाईंनी सुचिता नाव निवडलं. ताटातल्या तांदळांवर अंगठीने ते लिहिलं गेलं, पेढे वाटले गेले, आणि माणिकची सुचिता झाली.

पण मांडवातल्या बायकांनी त्याच संध्याकाळी नवरीला नाव घ्यायला लावलं. नवरी अडली. नवऱ्याचं नाव घ्यायला लाज वाटत होती असं नाही, ते नाव तोंडात आलं की आपण स्वतःलाच हाक मारतोय असं वाटत होतं. शेवटी तिने डोळे मिटले नि म्हणाली,

"कपाशीच्या बोंडामंधी पांढरं सोनं हासते,
माणिकरावाचं नाव घेता मले माहीच हाक भासते."

मांडव हसून हसून लोळला. नवरदेव सगळ्यांत जास्त हसला. त्या हसण्यानेच, माणिकबाई सांगतात, त्यांना त्या घरात पहिल्यांदा बरं वाटलं.

सुचिता हे नाव मात्र अंगाला लागेना. सासूबाई चुलीजवळून हाक मारायच्या, सून अंगणात आपलं काम करत राहायची. थोरल्या मुलाच्या, राजकुमारच्या वेळेला दिवस गेले होते तेव्हा सरकारी दवाखान्यात गेल्या. नर्सबाई "सुचिता, सुचिता" करत दोनदा बाहेर येऊन गेली. माणिकबाई बाकावर बसून, ही सुचिता कोण बाई आहे, कुठे गेली उठून, म्हणून इकडेतिकडे बघत राहिल्या. दवाखाना बंद व्हायची वेळ झाली तेव्हा लक्षात आलं. तशाच परत आल्या. गीताबाईंनी कपाळाला हात लावला.

"जाऊ दे माय. तुह्यं नाव तुलेच ठिव. मी माह्या पोराले माणक्या म्हनीन."

असे त्या घरात दोन माणिक झाले. भानगडी तर रोजच्या. फोन आला की पलीकडचा विचारायचा, "माणिक हाय काय?"

"हाव, बोलून राह्यली."

"अवं, भाऊ पाह्यजे, गाडीवाले."

"मंग तसं बोला ना बाप्पा."

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. त्यामुळे कुणी त्यांना स्वतःचं नाव विचारलं तरी या घुटमळायच्या, शेजारणीकडे बघायच्या, मग शेजारीण सांगायची. जीपच्या मागच्या काचेवर त्यांच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्याने, लाल रंगात मोठं "माणिक" लिहून घेतलं, तेव्हा यांनी विचारलं होतं, "कोणाचं नाव लिवलं हे?"

ते म्हणाले, "तुले ज्याचं वाटते त्याचं."

"तसं नाई. तुमच्या मनात कोण होतं?"

"पेंटरनं इचारलं काय लिवू, मी सांगतलं. इचार कराले टाइम कोठी होता?" आणि हसत स्टेअरिंगवर बसले. चिडवायला म्हणाले की खरंच, हे काही त्यांना कळलं नाही. अशा माणसाबरोबर संसार मजेत चालला होता, हे मात्र खरं. राजकुमार झाला, त्याच्या पाठीवर रेवती झाली. धाकटे दीर रंगराव यांचं लग्न झालं, त्यांनी शेजारीच भिंतीला भिंत लावून घर बांधलं. रंगराव भावाच्या जिवाचे. भाऊ मेहकरहून परतला नाही तोवर जेवायचे नाहीत.

मग एका वर्षी माणिकबाईंना कावीळ झाली. आधी गावठी औषध झालं, गळ्यात काविळीची माळ घालून झाली, शेवटी डोळे हळदीसारखे पिवळे झाल्यावर मेहकरच्या एका दवाखान्यात ठेवावं लागलं. चांगलीच घसरली होती तब्येत. दुसरबीडहून आई येऊन बघून गेली, जाताना पदराने डोळे पुसत गेली. सुलतानपुरातही बायका दबक्या आवाजात बोलू लागल्या. माणिकचं काही खरं नाही म्हणू लागल्या.

पण त्या सावरल्या. घरी सोडायचा दिवस आला. सकाळी मालक आले, औषधांची पिशवी घेतली, यांना दवाखान्याच्या दाराजवळच्या बाकावर बसवलं. म्हणाले, "अथीच बस. मी स्टँडवरून गाडी घेऊन येतो."

त्या बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने पाचसहा माणसं कुणाला तरी उचलून पळत पळत त्याच दारातून आत गेली. वाट देण्यासाठी माणिकबाईंनी पाय वर घेतले. उचललेल्या माणसाच्या हातात औषधांची पिशवी अडकलेली होती. ती बघूनसुद्धा त्यांच्या डोक्यात लगेच काही शिरलं नाही. आपल्यासारखीच पिशवी दिसते, एवढंच वाटलं.

चहाच्या टपरीजवळ छातीला हात लावून मालक खाली बसले होते, ते पुन्हा उठले नाहीत. डॉक्टरांनी बाहेर येऊन मान हलवली.

स्टँडवरच्या एका गाडीवाल्याने लागलीच सुलतानपूरला नि दुसरबीडला फोन लावले. बिचारा रडत होता, मागे एस.टी.चे हॉर्न, कंडक्टरांच्या हाका. तो म्हणाला, "माणिक वारले." आदराने म्हणाला, भाऊ वयाने मोठा होता. पलीकडे ऐकू गेलं, "माणिक वारली." एका मात्रेचा तर फरक. आणि माणिकबाई आजारी आहेत, दवाखान्यात आहेत, हे दोन्ही गावांना ठाऊक होतं. ऐकणाऱ्याने पुन्हा विचारायचं तरी कशाला?

सगळ्यांत आधी रंगराव पोचले. मोटारसायकल तशीच टाकून धावत दवाखान्यात शिरले आणि बाकावर बसलेल्या वहिनीला बघून जागीच थांबले. चेहरा कसातरीच झाला.

"तुम्ही हाय?" ते म्हणाले.

माणिकबाईंना त्या प्रश्नाचा अर्थच लागला नाही. त्यांनी आत बोट दाखवलं.

दुपारी त्यांना घरी आणलं, म्हणजे दोघांनाही, एकाच गाडीतून. अंगणात भाऊला ठेवलं. माणिकबाई अंगात त्राण नव्हतं म्हणून ओट्याला टेकून शाल पांघरून बसल्या होत्या. भोवती बायका. तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली आणि त्यातून दुसरबीडची माणसं छाती बडवत उतरली. पुढे मंजुळाबाई. "माही माणिक वं, माही सोन्याची माणिक," असा टाहो फोडत त्या गर्दीतून वाट काढत आल्या, कुणाकडे न बघता मयताजवळ बसल्या आणि तोंडावरचं कापड बाजूला केलं.

जावयाचा चेहरा.

त्या नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी मान वर केली आणि त्यांना ओट्यावर लेक दिसली. पिवळी, वाळलेली, पण डोळे उघडे. मंजुळाबाई हसल्या. साधं तोंडातल्या तोंडात नाही, मोठ्याने, लहान पोर हसावं तशा हसल्या. धावत जाऊन त्यांनी लेकीला मिठी मारली, तिच्या गालांवरून हात फिरवला नि ओरडल्या, "हाय वं हाय! माही माणिक हाय!"

रडणाऱ्या बायका गप्प झाल्या. गीताबाई लेकाच्या पायाशी बसल्या होत्या, त्यांनी मान वळवून बघितलं. रंगराव तिरडीचे बांबू बांधत होते, त्यांचे हात थांबले. मग मंजुळाबाईंना उमगलं की आपण काय केलं, आणि त्या हसण्याचाच पुढे मोठा आक्रोश झाला. पण हसू सगळ्यांनी ऐकलं होतं.

"मले त्या वक्ती काय वाटलं ते मले आजूकई सांगता येत नाई," माणिकबाई म्हणतात. "माय हासली तं मले बरं वाटलं, जीव थंड झाला. आन् त्याच वक्ती माह्या मालकाचं तोंड उघडं पडेल होतं, त्याच्यावर माशी बसून राह्यली होती. मी रडू का काय करू?"

त्या दिवसापासून रंगराव वहिनीशी बोलेनासे झाले. लेकरांचं सगळं बघायचे, राजकुमारच्या शाळेचं, रेवतीच्या लग्नाचं, रानातल्या पेरणीचं. त्यात कुठे कमी केलं नाही. पण वहिनीच्या ओट्यावर चढले नाहीत, घरातला चहा घेतला नाही. एकदाच बायकोजवळ बोलले, ते भिंतीपलीकडून ऐकू आलं, "माह्या भावाच्या मयतात हासणारीचं तोंड मले पाहाचं नाई." मंजुळाबाईही नंतर सुलतानपुरात पाऊल टाकायच्या नाहीत. लेकच माहेरी जाऊन भेटून यायची.

आणि गावाने आपलं बोलणं चालू केलं. दिवसांना आलेली एक लांबची नातेवाईक बोलून गेली, की बोलावणं हिचंच होतं. आजारी ही, मरणार ही. वर नुसतं माणिक एवढंच सांगितलं गेलं असेल, न्यायला आलेल्याने दुसराच माणिक उचलला. बोलणारी बोलून जेवून गेली. माणिकबाईंच्या डोक्यातून ते गेलं नाही. त्या देवधर्म फारसा करणाऱ्यांतल्या नाहीत, पण रानात एकट्या असल्या की विचार यायचा. आपण उसनं जगतोय का? उद्या वर गेल्यावर मालकांनी विचारलं तर काय सांगायचं? आणि सासूबाईंना काय वाटत असेल?

सासूबाईंना काय वाटतं ते कळायला मार्ग नव्हता. गीताबाई पुढे पुष्कळ दिवस जगल्या. म्हातारपणी दिवेलागणीला दारात बसून कधी कधी हाक मारायच्या, "माणिक!" नेहमीसारखं माणक्या नाही, माणिक. सून आतून "आली" म्हणून बाहेर यायची. म्हातारी तिच्याकडे बघायची, बघतच राहायची, आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड करायची. हाक कुणाला होती हे तिने सांगितलं नाही, हिने विचारलं नाही.

आता राजकुमार मेहकरला बी-बियाण्यांच्या दुकानात कामाला असतो. त्याची बायको सारिका मेहकरचीच, कॉलेज शिकलेली, बोलायला मोकळी. गेल्या वर्षी तिला मुलगी झाली. बारशाची तयारी सुरू झाली तसा नावांचा विषय निघाला. सारिका लेकराला तेल लावता लावता म्हणाली, "आई, आम्ही नाव ठरोलं. रूबी."

"म्हंजे काय?"

"सध्या अशी नावं लय चालतात आई. रत्नांची. माह्या मैत्रिणीच्या पोरीचं नाव पर्ल हाय, म्हंजे मोती. एकीचं क्रिस्टल हाय. नेटवर मी पाह्यलं, रूबी साऱ्या देशांत ठेवतात."

"आन् रूबी म्हंजे?"

सारिका हसली. "तुमचंच नाव की. माणिक म्हंजे रूबी. राजकुमार म्हने आईचं नाव ठेवू, मी म्हटलं ठेवू, पण नव्या पद्धतीनं."

माणिकबाईंनी लेकराकडे बघितलं. सारिकाला वाटलं होतं, सासूबाई हरखतील. पण त्यांच्या मनात भलतंच आलं. पुन्हा एका घरात दोन माणिक! इंग्रजीत सांगितलं म्हणून काय झालं, नाव तर तेच. फसवायचं तरी कुणाला? मग वाटलं, आपण किती खुळ्यासारखा विचार करतोय. पोरांनी मायेने ठेवलंय. मग पुन्हा वाटलं, उद्या आपण आजारी पडलो तर? नको म्हणावं तर कारण सांगावं लागेल, आणि ते बोलणं बाळंतिणीपुढे काढायचं कसं?

दुसऱ्या दिवशी त्या एस.टी.त बसून दुसरबीडला गेल्या. मंजुळाबाई आता फार थकल्या आहेत, ऐकू कमी येतं. दारात उन्हाला बसल्या होत्या. लेक शेजारी टेकली आणि कानाशी तोंड नेऊन विचारू लागली.

"माय, माह्यं नाव माणिक काऊन ठेवलं?"

"काय?"

"नाव! माह्यं नाव!"

"तुले तुह्यं नाव नाई मालूम?" म्हातारी चक्रावली.

"मालूम हाय वं. काऊन ठेवलं ते सांग. काकावरून का खड्यावरून?"

मंजुळाबाईंनी बराच विचार केला. "सुईणीची एक बकरी होती, माणिक म्हनत तिले. लय गुणाची होती."

माणिकबाईंना हसावं की रडावं कळेना. रत्न, काका, खडा, आणि आता बकरी. त्यांनी तो विषय सोडून दिला आणि ज्यासाठी आल्या होत्या ते विचारलं. एवढ्या वर्षांत कधीच विचारलं नव्हतं.

"माय, तवा मरण माह्यं होतं काय वं? लोकं म्हनतात माह्यं होतं."

हे मात्र म्हातारीला पहिल्याच खेपेला ऐकू आलं. तिने लेकीचा हात हातात घेतला.

"मले काय माईत माय? तुही मयत म्हून मी आली. तू दिसली, मी हासली. त्याच्या मांगं-पुढं काय होतं, मी पाह्यलं नाई."

यातून उत्तर मिळालं का? नाही मिळालं. पण परत येताना एस.टी.च्या खिडकीशी बसून माणिकबाईंनी एक गोष्ट ठरवली, की आता कुणाला अंधारात ठेवायचं नाही. निदान आपल्याला जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगून टाकायचं.

बारशाला गाव लोटलं. सुलतानपूरची रीत आहे, बारशाला भाऊबंद येतातच, अबोला असला तरी. रंगराव आले, अंगणात खुर्ची टाकून बसले. आत्या म्हणून रेवतीने लेकराच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीवर धपाटे घातले. रंगरावांनी कुणाला तरी विचारलं, "काय ठेवलं?"

"रूबी."

"रूबी म्हंजे?" जवळच्याला ठाऊक नव्हतं. रंगरावांनी स्वतःच ठरवून टाकलं. "रुबाबावरून असन. चांगलं हाय. रुबाबदार नाव हाय." आणि लेकराच्या पाळण्याकडे बघत म्हणाले, "रुबाबात राह्य वं पोरी."

माणिकबाई ताट वाढत होत्या. ताट तसंच हातात घेऊन त्या दिरासमोर येऊन उभ्या राहिल्या. भाऊ गेल्यापासून ही दोघं समोरासमोर बोलली नव्हती.

"भाऊजी, रुबाबावरून नाई. रूबी म्हंजे माणिक. माह्यं नाव हाय. आन् त्यायचं."

बायका कुजबुजायच्या थांबल्या. सारिका दारात आली, तिला कळेना काय झालं.

"लोकं म्हनतात एका नावाची दोघं असली का चुकी होते," माणिकबाई म्हणाल्या. "मले नाई मालूम चुकी झाली का नाई. तुम्हाले पटत नसन तं आताच सांगा. पोरीचं नाव बदलता येते आजूक."

रंगरावांनी ताट घेतलं नाही. उठले आणि अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन पाठमोरे उभे राहिले. सगळ्यांना वाटलं आता निघून जातील. माणिकबाई मागोमाग गेल्या. पुढचं बोलणं त्या दोघांतच झालं, आणि ते मला माणिकबाईंनीच सांगितलं.

"वैनी," रंगराव म्हणाले, "त्या दिवशी मलेई फोन आल्ता."

"हाव."

"मलेई वारली असंच आईकू आलं."

माणिकबाईंनी ताट दुसऱ्या हातात घेतलं.

"मी गाडीवर बसलो. आन् मेहकरपावतर माह्या मनात एकच होतं, दादा तं हाय. वैनी गेली, पण दादा तं हाय." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मी हासलो नाई, मी गाडीवर होतो. नाई तं मीई हासलो असतो. मंग दवाखान्यात तुम्ही दिसल्या."

आता माणिकबाईंना तो प्रश्न कळला. तुम्ही हाय? राग यायला हवा होता. आपल्या मरणावर ज्याला हायसं वाटलं तो माणूस समोर उभा होता. पण आईच्या हसण्याने आपला जीव जसा थंड झाला होता, तसाच याचाही झाला असेल, असं त्यांच्या मनात आलं आणि राग यायचा तो आलाच नाही. दुसरंही काही धड आलं नाही.

"मंग मायवर काऊन राग धरला इतले दिवस?" एवढंच त्या म्हणाल्या.

"तिचं माणूस सापडलं ना वैनी. माह्यं नाई सापडलं."

मग रंगरावांनी त्यांच्या हातातलं ताट घेतलं आणि उभ्याउभ्याच जेवायला लागले. तोंडात घास असतानाच म्हणाले, "नाव राहू द्या. पोट्टीले शोभते."

त्यानंतर पंधरवडा गेला असेल. रंगराव स्वतःहून पुतण्याची गाडी घेऊन मंजुळाबाईंना सुलतानपूरला आणायला दुसरबीडला गेले. माणिकबाई सोबत होत्या. म्हातारीला पुढे बसवलं. तिला कुठे चाललोय ते कळलं होतं, गाडी कोण चालवतंय ते कळलं नव्हतं. वाटेतलं बीबी गाव येईपर्यंत तिने रंगरावांना किती तरी वेळा विचारलं, "तू कोणाचा रे बाबू?"

"रंगराव! तुमच्या जावयाचा भाऊ!"

"हाव हाव," ती म्हणायची आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारायची. बीबीला त्यांनी उसाचा रस घेतला. रंगरावांनी म्हातारीचा ग्लास धरला, कारण तिचा हात थरथरत होता. रस पिऊन झाल्यावर ती मागे वळून लेकीला मोठ्याने म्हणाली, "ड्रायव्हर भला हाय वं. कोण हाय हा?"

रंगराव मान खाली घालून हसले. माणिकबाईंनी पुन्हा सांगितलं, कानाशी तोंड नेऊन. या खेपेला म्हातारीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिने रंगरावांच्या मनगटाला धरलं आणि सुलतानपूर येईपर्यंत सोडलं नाही. त्यांना गिअर टाकताना अडचण होत होती, पण त्यांनी हात काढून घेतला नाही.